‘तुम्ही कोण?’ असे विचारल्यावर युनियनच्या प्रतिनिधीने काय सांगावे

जळगाव एमआयडीसीतील एका प्लास्टिक कारखान्यात काम करणाऱ्या आणि तिथल्या छोट्या युनियनचे युनिट सेक्रेटरी असलेल्या एका भाऊंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यात आधीपासून एक मान्यताप्राप्त युनियन आहे; भाऊंची युनियन नोंदणीकृत आहे, पण तिला मान्यता नाही. त्यांच्या एका सभासदाला निलंबित करून चार्जशीट दिली आहे आणि खातेनिहाय चौकशी, म्हणजे कंपनीची अंतर्गत चौकशी, लागली आहे. दुसरीकडे पगारवाढीच्या मागण्यांवर मान्यताप्राप्त युनियनने करार केला आहे आणि तो यांच्या सभासदांना मान्य नाही. भाऊ सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेले, तेव्हा कंपनीच्या वकिलांनी ‘तुम्ही कोण? तुम्हाला इथे बोलण्याचा अधिकारच नाही,’ असे सुनावले. हे खरे आहे का, आणि उद्या सभासदाला कामावरून काढले तर न्यायालयात त्याची बाजू भाऊंना स्वतः मांडता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

खान्देशात युनियनचे आणि कामगार न्यायालयांतील काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार आला आहे, आणि त्याचे एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुधा चुकीचे उत्तर देतो. युनियनच्या प्रतिनिधीचे कायदेशीर स्थान सगळीकडे सारखे नसते. वाद कोणत्या प्रकारचा आहे, तो कोणत्या कायद्याखाली चालला आहे आणि आपण कोणत्या अधिकाऱ्यासमोर बसलो आहोत, यानुसार ते बदलते. एकाच आठवड्यात, एकाच सभासदासाठी, सोमवारी आपल्याला पूर्ण अधिकार असू शकतो आणि गुरुवारी काहीही नसू शकतो. कंपनीच्या वकिलांनी नेमका याच गोंधळाचा फायदा घेतला आहे. त्यांचे म्हणणे पगारवाढीच्या बाबतीत बऱ्याच अंशी बरोबर आहे, पण निलंबनाच्या बाबतीत पूर्ण चुकीचे आहे.

आधी कायद्याची चौकट पाहू. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने ट्रेड युनियन कायदा, १९२६, स्थायी आदेश कायदा, १९४६ आणि औद्योगिक विवाद कायदा, १९४७ हे तीन कायदे रद्द केले. या तिघांच्या यादीत महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा नाही. आपण सगळे बोलताना ज्याला ‘एमआरटीयू’ म्हणतो, तो हा कायदा. युनियनच्या प्रतिनिधित्वाबाबत १९४७ च्या कायद्यातील कलम ३६ मध्ये जी तत्त्वे होती, तीच बव्हंशी संहितेत आली आहेत, त्यामुळे त्या कलमावरचे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल आजही आपल्या कामाचे आहेत. खाली मी ओळखीच्या जुन्या कलमांचे क्रमांक वापरले आहेत. अर्ज लिहिताना मात्र वाद कोणत्या तारखेचा आहे ते पाहून त्या तारखेला लागू असलेल्या कायद्याचा उल्लेख करावा.

कलम ३६ प्रमाणे कामगाराची बाजू तीन प्रकारची माणसे मांडू शकतात. पहिला, तो ज्या नोंदणीकृत युनियनचा सभासद आहे तिच्या कार्यकारिणीचा सदस्य किंवा पदाधिकारी. दुसरा, ती युनियन ज्या महासंघाशी संलग्न आहे त्याचा पदाधिकारी. तिसरा, कामगार कोणत्याच युनियनचा सभासद नसेल तर त्या उद्योगाशी संबंधित युनियनचा पदाधिकारी किंवा त्याच उद्योगातील दुसरा कामगार, मात्र त्याच्याजवळ विहित नमुन्यातील अधिकारपत्र हवे. या यादीत ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द कुठेही नाही. नोंदणी आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कंपनीचे वकील जाणूनबुजून त्या एकत्र करतात. नोंदणीने युनियनला कायदेशीर अस्तित्व मिळते, ती स्वतःच्या नावाने दावा करू शकते, तिच्यावर दावा होऊ शकतो. मान्यतेने त्या एका कारखान्यात सामूहिक वाटाघाटीचा विशेष अधिकार मिळतो, एवढेच.

हा विशेष अधिकार मात्र हलका समजू नये, कारण भाऊंच्या पगारवाढीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. एमआरटीयू कायद्याखाली पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत, आधीच्या सलग सहा महिन्यांत किमान ३० टक्के कामगार सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवता येते. तशी मान्यता एकदा मिळाली की कलम २०(२) प्रमाणे केंद्रीय कायद्याखालच्या, म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याखालच्या, कार्यवाहीत कामगारांचे प्रतिनिधित्व फक्त तीच युनियन करते, आणि तिने घेतलेला निर्णय सगळ्या कामगारांना बांधतो. ही तरतूद घटनेविरुद्ध आहे, असे म्हणत बामर लॉरी कंपनीतील दुसरी युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. १९८४ मध्ये न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. त्यामुळे पगारवाढ, बोनस, रजा, कामाचे तास यांच्या वाटाघाटीत ‘आमचेही सभासद आहेत, आम्हालाही खुर्ची द्या’ असा आग्रह कायद्याने टिकत नाही. मला हे अनेकदा तरुण कार्यकर्त्यांना सांगावे लागते आणि त्यांना ते रुचत नाही, पण वर्षभर चुकीच्या दारावर धडका मारण्यापेक्षा हे आधी कळलेले बरे.

पण त्याच कलमात एक कंस आहे, आणि भाऊंच्या निलंबित सभासदाचा सगळा आधार त्या कंसात आहे. बडतर्फी, कामावरून काढणे, सेवामुक्ती, नोकरकपात, सेवासमाप्ती किंवा निलंबन यांची कायदेशीरता अथवा योग्यता जिथे तपासली जात असेल, ती कार्यवाही या बंधनातून वगळलेली आहे. म्हणजे माणसाच्या नोकरीचा प्रश्न आला की मान्यताप्राप्त युनियनचा एकाधिकार संपतो. पुढे कलम २२ प्रमाणे मान्यता नसलेल्या युनियनच्या अधिकृत पदाधिकाऱ्यांना आपल्या सभासदाच्या अशा तक्रारीबाबत मालकाशी भेटून चर्चा करण्याचा आणि मालकाने लावलेल्या खातेनिहाय चौकशीत सभासदाच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार आहे. सहायक कामगार आयुक्तांसमोर वकिलांनी जे सांगितले, त्याला हे कलम समोर ठेवून लेखी उत्तर द्यावे. तोंडी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण अशा बैठकीचा कागद पुढे दहा वर्षे फायलीत राहतो आणि तोंडी बोललेले कुणालाच आठवत नाही.

खातेनिहाय चौकशीबाबत थोडे अधिक लिहितो, कारण इथेच प्रकरणे बिघडतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये टाटा लोकोमोटिव्हच्या प्रकरणात स्पष्ट केले की, चौकशीत युनियनचा प्रतिनिधी मिळणे हा कामगाराचा उपजत हक्क नाही. स्थायी आदेशात (म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांत) किंवा कायद्यात तशी तरतूद असेल तरच तो मिळतो. महाराष्ट्रात कलम २२ ती तरतूद पुरवते, म्हणून आपली बाजू इतर राज्यांपेक्षा भक्कम आहे. तरीही चौकशी अधिकाऱ्यासमोर पहिल्याच तारखेला लेखी अर्ज द्यावा लागतो, त्यावर त्यांची पोच घ्यावी लागते आणि अर्ज नाकारला तर नकाराची नोंद चौकशीच्या कामकाजात लिहून घ्यावी लागते. कंपनीने सादरकर्ता अधिकारी म्हणून कायद्याची पदवी असलेला माणूस बसवला असेल, तर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वापरावा: मालकाकडे कायदा शिकलेला माणूस असताना कामगाराला वकील नाकारणे हे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे त्यात म्हटले आहे. मात्र आपण मागितलेच नाही, तर पुढे ते नाकारल्याची तक्रार करता येत नाही.

चौकशीत बसताना प्रतिनिधीने वकिलासारखे मोठमोठे भाषण करण्याचा मोह टाळावा. एक उदाहरण देतो. मशीनवर झोपल्याचा आरोप असलेल्या एका कामगाराच्या चौकशीत सुपरवायझर साक्षीला आला. प्रतिनिधीने त्याला फक्त एवढेच विचारले की, शिफ्टच्या लॉगबुकमध्ये त्या रात्रीचे उत्पादन किती लिहिले आहे आणि त्याखाली सही कुणाची आहे. उत्पादन नेहमीएवढेच होते आणि सही त्याच सुपरवायझरची होती. त्या दोन उत्तरांवर पुढे कामगार न्यायालयात आरोप टिकला नाही. कारखान्यात काम केलेल्या माणसाला जे प्रश्न सुचतात, ते बाहेरच्या वकिलाला सुचत नाहीत. युनियन प्रतिनिधीला कायद्याने दिलेल्या जागेचे खरे मोल इथे आहे.

आता वकिलांचा मुद्दा. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे भाऊ गेले होते तशा बैठकीत, कलम ३६(३) प्रमाणे वकिलाला प्रतिनिधी म्हणून येताच येत नाही, दोन्ही पक्षांच्या संमतीनेही नाही. मग कंपनीचे वकील तिथे कसे बसले होते? बहुधा ‘सल्लागार’ किंवा ‘अधिकृत प्रतिनिधी’ म्हणून सही करून. त्यांच्या हजेरीच्या सहीखाली कोणते पद लिहिले आहे, हे पाहावे आणि हरकत नोंदवावी. कामगार न्यायालयात किंवा औद्योगिक न्यायाधिकरणासमोर कलम ३६(४) प्रमाणे वकील येऊ शकतो, पण त्यासाठी समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी अशा दोन्ही गोष्टी लागतात. कंपनीच्या वकिलाने वकीलपत्र दाखल केले, आपण गप्प राहिलो, दोन तारखा गेल्या, आपणही उत्तर दाखल केले, तर ती संमतीच मानली जाते. म्हणून हरकत घ्यायची असेल तर पहिल्या तारखेलाच पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, द्यावी. हरकत घ्यावी की नाही, हा वेगळा विचार आहे. आपण स्वतः प्रकरण चालवणार असाल आणि कागदपत्रे आपल्या बाजूने असतील, तर हरकत घेण्यात फायदा आहे. पण उलटतपासणी गुंतागुंतीची असेल तर दोन्ही बाजूंना वकील असलेले बरे, असे माझे मत आहे. एमआरटीयू कायद्याखालच्या तक्रारीत वकील सर्रास येतात, तिथे या हरकतीवर फार विसंबू नये.

कंपनीच्या वकिलाला कंपनीचा ‘पदाधिकारी’ म्हणून आणता येते का, असाही प्रश्न येतो. पारादीप पोर्ट ट्रस्टच्या १९७६ च्या निकालाने यावर प्रकाश टाकला आहे. जो माणूस खरोखर संघटनेचा पदाधिकारी आहे, तो वकील असला तरी पदाधिकारी म्हणून येऊ शकतो. पण जो केवळ वकील आहे, त्याच्या हाती एक अधिकारपत्र देऊन त्याला पदाधिकारी बनवता येत नाही. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. युनियनचे अध्यक्ष सनद घेतलेले वकील असतील तर त्यांना अडवता येणार नाही. मात्र केवळ प्रकरणापुरते एखाद्या वकिलाला कार्यकारिणीत घातले, तर ती चलाखी न्यायालय ओळखते. शिवाय बाहेरचे किती पदाधिकारी ठेवता येतात यालाही मर्यादा आहे. संघटित क्षेत्रातील युनियनमध्ये ट्रेड युनियन कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा एक तृतीयांश किंवा पाच, यांपैकी कमी असेल तेवढी ठरवली. निवडणुकीनंतर नव्या पदाधिकाऱ्यांची यादी युनियनची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे कळवलेली नसेल, तर समोरचा पक्ष आधी तिथेच बोट ठेवतो.

यापुढचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा आहे आणि दुर्लक्षितही आहे: प्रतिनिधी आणि तो कामगार यांच्यातले नाते. एकट्या कामगाराचा वाद सामूहिक वाद बनतो, तो युनियनने किंवा लक्षणीय संख्येच्या कामगारांनी त्याला पाठिंबा दिल्यावर. हा पाठिंबा कोणत्या नमुन्यात असावा, यावर कंपन्या फार भांडत असत. २००५ मध्ये फोर्ब्स गोकाक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्यासाठी ठराविक नमुना नाही आणि पाठिंबा देणारी युनियन बहुमताची असण्याचीही गरज नाही. भाऊंच्या युनियनसारख्या अल्पमतातील युनियनला हा निकाल मोठा आधार आहे. पण पाठिंबा वाद उपस्थित होण्याच्या वेळी असायला हवा. न्यायालयात प्रश्न निघाल्यावर मागच्या तारखेचा ठराव लिहिणे हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही, कारण पावती पुस्तकातले क्रमांक आणि ठरावाची तारीख यांचा मेळ बसत नाही.

बडतर्फी किंवा सेवासमाप्तीसाठी पाठिंब्याचीही गरज नाही. १९६५ मध्ये आलेल्या कलम २-अ ने एकट्या कामगाराचा असा वाद औद्योगिक विवाद मानला. २०१० च्या दुरुस्तीनंतर समेटासाठी अर्ज केल्यापासून ४५ दिवस झाले की कामगार थेट न्यायालयात जाऊ शकतो. तेव्हा मुदत तीन वर्षांची होती, संहितेत ती दोन वर्षांवर आली आहे. हा बदल आपल्याकडच्या अनेकांपर्यंत अजून पोहोचलेला नाही, आणि ‘तीन वर्षे आहेत, बघू’ म्हणून थांबलेला माणूस हात चोळत बसेल, याची मला खरी काळजी वाटते.

एकदा युनियनने प्रकरण हाती घेतले की ते कामगाराचे एकट्याचे राहत नाही. १९६१ मध्ये छापून आलेल्या एका प्रसिद्ध निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, युनियनने चालवलेल्या वादात एरवी युनियनच्या सचिवाला बाजूला सारून कामगाराला स्वतःचा वेगळा प्रतिनिधी आणता येत नाही, मग सचिवाने केलेली तडजोड त्याला नकोशी असली तरी. याचा अर्थ प्रतिनिधीच्या सहीत किती ताकद आहे ते पाहा. म्हणून सेटलमेंटच्या कागदावर सही करण्याआधी त्या कामगाराला त्याच्या भाषेत, अहिराणीत समजत असेल तर अहिराणीत, प्रत्येक अट समजावून सांगावी आणि त्याची सही किंवा अंगठा साक्षीदारांसमोर घ्यावा. ‘दादा, तुम्ही म्हणाल तसं,’ असे तो म्हणतो तेव्हा प्रतिनिधीची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

भाऊंच्या कराराच्या प्रश्नाकडे परत येतो. समेट कार्यवाहीबाहेर केलेला करार, म्हणजे आपण कलम १८(१) वरून ज्याला ‘अठरा-एकचा करार’ म्हणतो, तो केवळ सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला, कलम १२(३) खालचा ‘बारा-तीनचा करार’ मात्र कलम १८(३) प्रमाणे कारखान्यातील आजच्या आणि उद्याच्या सर्व कामगारांना बांधतो, ते कोणत्याही युनियनचे असोत. लोटस मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. मान्यताप्राप्त युनियनच्या कराराला एमआरटीयू कायद्याखालीही तसेच बळ मिळते. म्हणून आधी कराराची प्रत मिळवावी आणि शेवटच्या पानावर समेट अधिकाऱ्याची सही व शिक्का आहे का, ते पाहावे. तो करार अन्यायकारक आहे एवढे म्हणून तो मोडत नाही. हर्बर्टसन्स कंपनीच्या प्रकरणात १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, बहुसंख्य कामगारांनी स्वीकारलेल्या कराराचा एकेक कलम सुटा काढून न्यायनिवाडा करता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करता येत असेल तर गोष्ट वेगळी. आणि उपाय हवा असेल तर सभासद वाढवून, सहा महिने वर्गणी नीट घेऊन मान्यतेसाठीच अर्ज करणे हा सरळ मार्ग आहे. संहितेखाली ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकमेव वाटाघाटी युनियन ठरते, आणि तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद होते. राज्याच्या कायद्यातले ३० टक्के आणि संहितेतले ५१ टक्के यांचा संबंध काय, हा मुद्दा कंपन्या आता न्यायालयात उचलणारच, म्हणून सभासद नोंदणीचे उद्दिष्ट मोठ्या आकड्याचे ठेवावे.

खान्देशातील सगळ्या कारखान्यांना हेच चित्र लागू होत नाही, हेही सांगायला हवे. अमळनेर आणि धुळ्याच्या कापड गिरण्या, फैजपूर आणि शहादा भागातील साखर कारखाने यांच्यावर १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता, आणि त्यात ‘प्रातिनिधिक युनियन’ची पकड एमआरटीयूच्या मान्यताप्राप्त युनियनपेक्षाही घट्ट असते. तिथे कामावरून काढलेल्या कामगाराने न्यायालयात जाण्यापूर्वी मालकाला अॅप्रोच लेटर, म्हणजे आपली मागणी मांडणारे पत्र, देणे आवश्यक असते; ते विसरल्याने चांगली प्रकरणे बाद झालेली आहेत. भुसावळचे रेल्वे कामगार केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यांचा समेट अधिकारी वेगळा. ठेकेदाराकडच्या कामगारांसाठी एमआरटीयूची तक्रार करण्याआधी दोनदा विचार करावा: सिप्लाच्या २००१ च्या निकालानंतर, मालक-कामगार हे नातेच वादात असेल तर ती तक्रार टिकत नाही, आधी ते नाते योग्य न्यायाधिकरणाकडून ठरवून घ्यावे लागते.

प्रतिनिधीच्या स्वतःच्या संरक्षणाबद्दल दोन शब्द. एकूण कामगारांच्या एक टक्का, पण किमान पाच आणि कमाल शंभर, इतक्या पदाधिकाऱ्यांना ‘संरक्षित कामगार’ म्हणून घोषित करून घेता येते. वाद प्रलंबित असताना अशा पदाधिकाऱ्यावर कारवाई करायची तर मालकाला आधी परवानगी घ्यावी लागते. यासाठी दरवर्षी मुदतीत नावे कळवावी लागतात. भाऊ, आपल्या युनियनने ती कळवली आहेत का, हे आजच तपासा. युनियनच्या कामासाठी दिवाणी दाव्यापासून मिळणारे संरक्षणही खरे आहे, पण ते शांततेच्या मार्गापुरते आहे. गेटवर कुणाला कोंडून ठेवणे किंवा हात उचलणे याला ते लागू होत नाही, आणि तशी एक फिर्याद दाखल झाली की प्रतिनिधीचे पुढचे सगळे अर्ज त्या फिर्यादीच्या सावलीत वाचले जातात.

आता आपल्या प्रकरणात लगेच काय करायचे ते. सभासदाकडून अधिकारपत्र घ्या. त्यात असा मजकूर पुरेसा आहे: ‘मी, खाली सही करणारा, अमुक युनियनचा सभासद क्रमांक अमुक, माझ्याविरुद्धच्या अमुक तारखेच्या आरोपपत्रावरील चौकशीत तसेच त्यानंतरच्या समेट व न्यायालयीन कार्यवाहीत माझ्या वतीने उपस्थित राहण्यास, कागदपत्रे दाखल करण्यास व साक्षीदारांची तपासणी करण्यास युनियनचे सचिव यांना अधिकृत करत आहे. माझ्या लेखी संमतीशिवाय त्यांनी तडजोड करू नये.’ शेवटचे वाक्य गाळू नका. त्याला वर्गणीच्या चालू पावतीची झेरॉक्स, कार्यकारिणीचा ठराव आणि निबंधकाकडे दिलेल्या पदाधिकारी यादीची प्रत जोडा, आणि हा संच चौकशी अधिकारी व सहायक कामगार आयुक्त या दोघांकडे देऊन पोच घ्या. निलंबनात अनुचित प्रथा दिसत असेल, उदाहरणार्थ युनियनमध्ये आल्याबद्दल सूड घेतल्याचा पुरावा असेल, तर एमआरटीयूखालची तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करावी लागते. उशीर झाल्यास योग्य कारण दाखवून माफी मिळू शकते, पण कारण शोधत बसण्याची वेळ येऊ देऊ नका. निलंबनाच्या पत्रावरची तारीख पाहा, ९० दिवस मोजा आणि त्या दिवसाच्या निदान दोन आठवडे आधी तक्रार टाईप होऊन तयार असू द्या. पुढच्या बैठकीला कंपनीचे वकील पुन्हा आले, तर कलम ३६(३) (किंवा वादाच्या तारखेनुसार संहितेतील तशीच तरतूद) आणि एमआरटीयू कायद्याचे कलम २२ यांचा उल्लेख असलेला एक पानी अर्ज अधिकाऱ्यांच्या हाती द्या आणि त्यावर आदेश मागा. आदेश विरुद्ध गेला तरी तो लेखी असेल, आणि लेखी आदेशाला औरंगाबाद खंडपीठात आव्हान देता येते.